मूल येईना, म्हणून शाळाच निघाली!

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ती यादी लागते. पंचाहत्तर टक्के हजेरी न भरलेल्यांची. यादीत आपलं नाव दिसलं की सुरू होते पळापळ. मेडिकल सर्टिफिकेट आणा, एचओडींना भेटा, घरच्यांची सही आणा. या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही वर्गात का येत नव्हता? सकाळची पार्टटाइम नोकरी होती, लोकलचा प्रवास दोन तासांचा होता, की वर्गात बसावं असं तिथं काही घडतच नव्हतं?

ऐंशीएक वर्षांपूर्वी एका बाईंनी हाच प्रश्न तीन-चार वर्षांच्या मुलांबद्दल विचारला. शाळा उघडली आहे, बाई हजर आहेत, खेळणी मांडली आहेत, आणि मुलं मात्र येत नाहीत. का बरं? उत्तर शोधता शोधता त्यांनी शाळेची वेळ बदलली, जागा बदलली, साहित्य बदललं. त्यातल्या एका प्रयोगाचं नाव आज तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात पाटीवर रंगवलेलं दिसतं. अंगणवाडी! आणि त्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

बालशिक्षणाशी तुमचा संबंध काय, असं वाटेल कदाचित. पण जरा थांबा. ही गोष्ट बालवाडीची आहे, तशीच ती तिशीत आणि पुन्हा पन्नाशीत नव्यानं सुरुवात करणाऱ्या बाईचीही आहे.

डिग्री, लग्न आणि एक अवघड निर्णय

ताराबाईंचा जन्म १८९२ मधला. माहेरचं आडनाव केळकर. घरातलं वातावरण प्रार्थना समाजाचं, सुधारकी. मुलींनी शिकायचं ही गोष्ट त्या घरात वादाची नव्हती, आणि त्या काळात हे केवढं मोठं भाग्य होतं ते वेगळं सांगायला नको. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आज तुमच्या वर्गात मुली निम्म्या तरी असतील. तेव्हा बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या.

पुढं अमरावतीच्या मोडक नावाच्या वकिलांशी लग्न झालं. सुशिक्षित जोडपं, वऱ्हाडातलं चांगलं घर. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छानच दिसलं असणार. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं कायद्यानं वेगळे झाले. हे साल नीट लक्षात घ्या. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा अजून चौतीस वर्षं बाकी होती. घटस्फोट हा शब्दसुद्धा घरात दबक्या आवाजात बोलला जायचा. अशा दिवसांत पदरात लहान मुलगी घेऊन एक बाई स्वतःच्या पायावर उभी राहायला निघाली.

शिक्षण होतं, म्हणून नोकरी मिळाली. नोकरीही साधीसुधी नाही, तर राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजची प्राचार्य म्हणून. वय तिशीचं, पद मानाचं. एकट्या आईला आणखी काय हवं? सुरक्षितपणा मिळाला होता. घरच्यांनी, हितचिंतकांनी सुटकेचा श्वास सोडावा असंच हे वळण होतं.

आणि ताराबाईंनी तीच नोकरी सोडली.

मिशीवाली आई

राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरला एक वेगळाच माणूस काम करत होता. गिजुभाई बधेका. पेशानं वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि वकिली मागं पडली. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची, गोष्टींसाठी हट्ट करायची. लोकांनी त्यांना नाव दिलं मूछाळी मा. म्हणजे मिशा असलेली आई!

त्या काळची प्राथमिक शाळा कशी असायची, ते आजी-आजोबांकडून तुम्ही ऐकलं असेल. ओळीत बसायचं, बाराखडी घोकायची, पाढे ओरडून म्हणायचे आणि चुकलं की हातावर छडी. मुलानं बोलायचं नाही, उठायचं नाही, विचारायचं तर नाहीच. गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती. घोकंपट्टी नव्हती. गोष्टी होत्या, गाणी होती, नाटकं होती. मुलं आपल्या हातानं काम करत होती आणि शिक्षक बाजूला बसून बघत होते.

या मागं विचार होता मारिया माँटेसरींचा. या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. लहान मूल हातांतून, डोळ्यांतून, स्पर्शातून शिकतं, हे त्यांनी बारकाईनं निरीक्षण करून मांडलं. त्यांच्या साहित्यातलं एक उदाहरण बघा. लाकडाच्या लांब ठोकळ्यात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत बरोबर बसेल असा एकेक दंडगोल. कुणी जाडा, कुणी बारीक, कुणी उंच, कुणी बुटका. मूल ते काढतं आणि पुन्हा जागेवर बसवतं. चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक दंडगोल उरतो, बसतच नाही. म्हणजे चूक झाली हे सांगायला बाईंची गरज नाही, वस्तूच सांगते. आणखी गंमत म्हणजे दंडगोलाला वर छोटीशी मूठ असते. ती अंगठा आणि दोन बोटांनी धरावी लागते. पेन्सिल धरायचीही हीच पकड! मूल खेळतंय असं आपल्याला वाटतं आणि तिकडं त्याचा हात लिहिण्यासाठी तयार होत असतो.

ताराबाई १९२३ च्या सुमाराला भावनगरला गेल्या आणि पुढची नऊएक वर्षं तिथं रमल्या. प्राचार्यांच्या खुर्चीतून उठून त्या चिमुरड्यांच्या बरोबरीनं जमिनीवर बसल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका निघू लागली, आधी गुजरातीत आणि पुढं मराठीतही. मराठी पत्रिका ताराबाईंनी वर्षानुवर्षं चालवली. मुलाला मारू नका, त्याला घाबरवू नका, त्याच्या हट्टामागचं कारण बघा. आज हे पालकत्वाच्या रील्समधून सांगितलं जातं. तेव्हा एक बाई महिन्यामागून महिने छापील पानांतून आईबापांना हेच समजावत होती.

दादर ते बोर्डी

तिशीच्या दशकात ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. मराठी मध्यमवर्गातली मुलं तिथं येऊ लागली आणि शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. काम नावारूपाला आलं. कुणीही इथं समाधानानं थांबलं असतं.

पण ताराबाईंच्या मनात एक टोचणी होती. ही सगळी सुंदर पद्धत पोचतेय कुणापर्यंत? माँटेसरीबाईंनी रोममध्ये सुरुवात केली होती ती गरिबांच्या पोरांपासून. आपल्याकडं मात्र ती शहरातल्या फी भरू शकणाऱ्या घरांची होऊन बसली होती. घोटून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे आणि रंगीत मण्यांच्या माळा खेड्यातल्या शाळेला कशा परवडणार? आणि परवडत नाहीत, म्हणून खेड्यातल्या मुलाचं बालपण वाया जाऊ द्यायचं का?

१९४५ मध्ये नूतन बाल शिक्षण संघानं बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

सोबतीला एक तरुण सहकारी मिळाल्या, अनुताई वाघ. लहानपणीच लग्न, पाठोपाठ वैधव्य, मग हिमतीनं शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा प्रवास. बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथं दोघींची गाठ पडली. ताराबाईंना खेड्यात राहून काम करणारं माणूस हवं होतं. अनुताई तयार झाल्या आणि पुढं आयुष्यभर तिथल्याच झाल्या.

तो भाग तेव्हा कसा होता, हेही माहीत असायला हवं. याच १९४५ मध्ये आसपासच्या उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकरांच्या त्या लढ्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचे. त्यांना लग्नगडी म्हणत. अशा घरातलं मूल सकाळी उठून पाटी घेऊन शाळेत का जाईल, सांगा बरं?

आणि ती गेलीही नाहीत. बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. इथं दोन वाटा होत्या. एक वाट सोपी. या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणायचं आणि वहीत गैरहजर लिहून टाकायचं. ताराबाई-अनुताईंनी दुसरी वाट धरली. मुलं येत नाहीत ना, मग आपणच जाऊ. बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. वेळ त्यांच्या सोयीची आणि जागाही त्यांचीच. मुलं जिथं खेळत होती तिथंच शाळा मांडली गेली. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

अंगणातला वर्ग

या वर्गाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. सुरुवात व्हायची आंघोळीनं! मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे. शिकलेल्या बाईनं परक्याच्या मुलाच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. यात जातीचा, शिवाशिवीचा केवढा अडसर मोडला जात होता, तेही लक्षात येईल. आई बाजूला उभी राहून हे बघायची, आणि बघता बघता तीही शिकायची. आरोग्याचं वेगळं लेक्चर द्यावं लागायचं नाही.

मग गाणी, गोष्टी, नाच. आणि मग साहित्य. हे मात्र दुकानातून आणलेलं नव्हतं. शंख-शिंपले, दगड-गोटे, बिया, पानं, फुलं, माती. आसपास जे फुकट मिळेल ते. पण ते नुसतं गोळा करून मुलांपुढं टाकलं, असं नव्हे. त्यामागं माँटेसरींचंच शास्त्र होतं. विकतच्या ठोकळ्यांत जे लहान-मोठं असतं, ते गोट्यांतही असतंच की! गोटे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की क्रम कळतो. दगड गुळगुळीत, झाडाची साल खरखरीत, हे बोटांना कळतं. एक बी हलकी, दुसरी जड, हे तळहाताला कळतं. बियांचे ढीग वेगवेगळे केले की वर्गीकरण झालं, ते ढीग मोजले की अंक आले. आणि फुलांची माळ ओवताना अंगठा आणि बोटांची जी चिमूट लागते, ती त्या दंडगोलाच्या मुठीचीच पकड.

इथं ताराबाईंचं खरं कसब दिसतं. परदेशातून आलेली एखादी पद्धत आपण दोन तऱ्हांनी वापरतो. एक तर जशीच्या तशी कॉपी मारतो, नाहीतर आपल्याकडं हे चालणार नाही असं म्हणून फेकून देतो. त्यांनी त्यातलं तत्त्व वेगळं काढलं, वस्तू वेगळी काढली. तत्त्व ठेवलं, वस्तू बदलली. इंजिनिअरिंगला असाल किंवा डिझाइनला, सोशल वर्कला असाल किंवा बी.एड.ला, ही गोष्ट उपयोगी पडेल.

टेकडीवरची शाळा

१९५७ च्या सुमाराला काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सगळा भाग वारली पाड्यांचा. इथं पुन्हा तोच प्रश्न, आता थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत. प्राथमिक शाळेत पोरं का टिकत नाहीत?

एकेका मुलाचं कारण बघायला गेलं की ते वेगळं निघायचं. मुलगी येत नाही, कारण आईबाप मजुरीला जातात आणि धाकटं भावंड तिच्या कडेवर असतं. मग त्या भावंडालाही घेऊन ये! पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात. या प्रयोगाचं नाव विकासवाडी. धाकट्याची सोय झाली, तेव्हाच थोरलीचं शिक्षण सुरू झालं.

मुलगा येत नाही, कारण तो गुरं राखतो. ते काम सोडलं तर घरात खाणार काय? मग गुरं जिथं चरतात तिथं शाळा. तिला कुरणशाळा म्हणत. शिक्षक कुरणावर जायचे, झाडाखाली वर्ग भरायचा. एक डोळा गुरांवर आणि एक पाटीवर. आजूबाजूची झाडं, पाखरं, गवत, ओढा हेच परिसर अभ्यासाचं पुस्तक. आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

हे सगळं वाचताना एक शंका तुमच्या मनात येईल. येऊ द्या, ती रास्तच आहे. मूल गुरं राखतंय म्हणून शाळा कुरणावर नेली, तर मुलांना कामाला लावणं मान्यच केल्यासारखं झालं नाही का? शाळेनं एवढं वाकावं का? यावर ताराबाईंच्या कामातून जे उत्तर दिसतं ते असं. गरिबी हटेल तेव्हा हटेल, पण आज सात वर्षांचं असलेलं मूल तोवर सात वर्षांचंच राहणार नाही. त्याचं आजचं वय निघून जाईल. म्हणून शाळेनं आज त्याच्याकडं जायचं. आणि जाताना तिथं कमी प्रतीचं काही न्यायचं नाही. आदिवासी मुलांसाठी काहीतरी थोडंफार, असा तो मामला नव्हता. दादरच्या मुलाला जे बालशिक्षण मिळालं, त्याच तत्त्वांवरचं कोसबाडच्या मुलालाही.

यात अडचणीही होत्याच. मुलांची घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी वेगळी. गावाचा विश्वास कमवायला वर्षं लागतात आणि तो एका दिवसात जाऊ शकतो. आंघोळ घालायला पाणी लागतं, ते वाहून आणावं लागतं. कुणी टाळ्या वाजवायला उभं नसतं. एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पला गेला असाल, तर चौथ्या दिवशी काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. या बायका तिथं वर्षानुवर्षं राहिल्या.

पाटीवरचं नाव

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं नेलं आणि त्याही १९९२ मध्ये गेल्या.

ताराबाईंनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ प्रकल्प होते. या योजनेच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द असा देशभर गेला.

पण इथंच जरा खुपतंही. योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला पोषण-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. यातलं कोणतं काम तुम्हाला आठवतं? बहुतेकांना खिचडी आणि वजनकाटा आठवेल. ते गरजेचं आहेच, भुकेलं मूल शिकणार कसं? पण ताराबाईंच्या अंगणातल्या गोष्टी, माळा, गोटे, बिया कुठं राहिल्या, हा प्रश्न उरतोच. एकट्या सेविकेच्या डोक्यावर रजिस्टरं, मोबाइल अॅपमधल्या नोंदी, सर्वेक्षणं. मुलांसोबत जमिनीवर बसायला तिला वेळ कधी मिळणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडीला त्यात जागा दिली. कागदावर तरी ताराबाईंचं म्हणणं मान्य झालं. प्रत्यक्षात काय होतंय, ते बघायला फार लांब जायला नको.

तुमच्या घराजवळ, कॉलेजच्या वाटेवर एखादी अंगणवाडी नक्की असेल. एक दिवस सकाळी सेविकाताईंना विचारून तासभर तिथं बसून बघा. मुलं काय हाताळतायत, गोष्ट कोण सांगतंय, एखादं मूल कोपऱ्यात गप्प का बसलंय. तुमच्यातल्या कुणाला गोष्ट छान सांगता येत असेल, कुणाला मातीचे प्राणी करता येत असतील, कुणाच्या घरामागं चिंचोके आणि गोटे पडून असतील, तर ते घेऊन जा. आणि तिथून निघताना ताईंना एवढं जरूर विचारा, की आज आली नाहीत ती मुलं कोण, आणि ती का आली नाहीत.